शिक्कामोर्तब : राजाच्या मुद्रेपासून आपल्या दुकानाच्या चिन्हापर्यंत

मराठीत एखादी गोष्ट पक्की झाली की आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो. ग्रामसभेचा ठराव असो, सोयरीक असो की निवडणुकीची उमेदवारी, हा शब्द येतोच. वर्गात तो आला की मी मुलांना त्याची फोड करून दाखवतो. ‘शिक्का’ म्हणजे अरबी ‘सिक्का’, मूळ अर्थ नाणे पाडण्याचा ठसा. ‘मोर्तब’ म्हणजे अरबी ‘मुरत्तब’, रीतसर मांडलेले, पुरे केलेले. हे दोन अरबी शब्द मराठी दफ्तरात इतके मुरले की आज ते कुणाला परके वाटत नाहीत. याच कुटुंबात फारसीतून आलेली ‘मोहर’ आहे, संस्कृतची ‘मुद्रा’ आहे आणि रोजच्या बोलण्यातले ‘छाप’ आणि ‘ठसा’ही आहेत. एका गोष्टीसाठी भाषेत इतके शब्द साठतात, तेव्हा ती गोष्ट लोकांच्या व्यवहारात किती खोल गेली असेल याची कल्पना येते.

आज त्याच गोष्टीला आपण लोगो म्हणतो. शासकीय मराठीत बोधचिन्ह. आपल्या मोहल्ल्यात दर महिन्याला काही ना काही नवे सुरू होते. कुणाची बेकरी, कुणाचे टेलरिंग, कुणा बहिणीचे घरगुती मसाले, कुणाची शिकवणी. दुकानदार डीटीपीवाल्याकडे जातो. तो नेटवरून एखादे चित्र उचलतो, खाली नाव टाकतो आणि दहा मिनिटांत फ्लेक्स तयार होतो. पुढच्या गल्लीत तेच चित्र दुसऱ्या नावाखाली लटकत असते. कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण लोगो म्हणजे सजावट अशी आपली समजूत आहे.

चिन्हाचा इतिहास वेगळेच सांगतो. चिन्ह ही जबाबदारीची कबुली होती. ‘हा माल माझा आहे, याचा जाब मला विचारा’ असे सांगणारी खूण. म्हणून ज्याची जबाबदारी, त्याचेच चिन्ह असायला हवे. हे चिन्ह साध्या संगणकावर, पदरचा पैसा न घालता, आपले आपल्याला तयार करता येते. पण त्याआधी ते आपल्या हातात कसे आले, ते पाहू.

मुद्रा राजाची

मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे सापडलेल्या मुद्रा चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. मऊ दगडावर उलटे कोरायचे आणि ओल्या मातीवर दाबून सुलटे उमटवायचे, हे तंत्र तेव्हाच्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. गुजरातेतील लोथल येथे मिळालेल्या मातीच्या ठशांच्या मागच्या बाजूला दोरी आणि कापडाच्या खुणा आहेत. म्हणजे ते मालाच्या गाठोड्यांना लावलेले होते. व्यापार आणि चिन्ह यांची सोबत इतकी जुनी आहे.

इस्लामी इतिहासात मुद्रेचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी शेजारच्या राजांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा मोहर नसलेले पत्र ते राजे वाचत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. मग चांदीची अंगठी करवून तिच्यावर तीन ओळींत नाव कोरण्यात आले. त्याच मजकुराची अंगठी इतर कुणी कोरून घेऊ नये, अशी ताकीदही देण्यात आली, असे हदीसमध्ये येते. एकाचे चिन्ह दुसऱ्याने वापरू नये, या आजच्या कायद्यामागचा विचार त्या ताकिदीत सरळ दिसतो. ती अंगठी पुढे खलिफांकडे आली आणि हजरत उस्मान (र.) यांच्या काळात मदीनेतील अरीस नावाच्या विहिरीत पडून हरवली.

पुढच्या मुस्लिम राजवटींत राजा कोण, हे दोन गोष्टींवरून ठरे. शुक्रवारच्या खुतब्यात कुणाचे नाव घेतले जाते आणि नाण्यावर कुणाचा सिक्का आहे. उस्मानी तुर्कांनी सुलतानाच्या सहीलाच चित्राचे रूप दिले. तिला तुघरा म्हणतात. वर उभ्या तीन रेषा, डावीकडे दोन मोठी वळणे आणि तळाशी गुंफलेले नाव. सुलतान ओरहानचा १३२४ चा तुघरा हा त्यातला सर्वांत जुना उपलब्ध नमुना मानला जातो. सुलतान बदलला की नाव बदले, पण सांगाडा तोच राही. दुरून पाहणाऱ्याला अक्षरे वाचता आली नाहीत तरी फर्मान कुणाचे आहे ते कळे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा १६४६ च्या पत्रावर दिसते. त्या काळी दख्खनेत बहुतेक सरदारांच्या मुद्रा फारसीत असत. महाराजांची मुद्रा संस्कृतात होती. तिचा आकार वेगळा, भाषा वेगळी. पत्राच्या माथ्यावर ही मुद्रा आणि अखेरीस मोर्तबाचा छोटा शिक्का. मजकूर येथे संपला, यापुढे कुणी काही जोडू नये, हे सांगणे हे त्या दुसऱ्या शिक्क्याचे काम. बनावट पत्र ओळखण्याची ही साधी आणि पक्की व्यवस्था होती.

या सगळ्या उदाहरणांत चिन्हाचे तीन गुण आहेत. ते दुसऱ्यासारखे नाही, ते लहान जागेत मावते आणि ते एका रंगात उमटते. शाई, लाख, चांदी किंवा माती, कशावरही चालते. हे गुण ध्यानात ठेवा. पुढे संगणकासमोर बसल्यावर ते कामाला येणार आहेत.

खूण कारागिराची

मुद्रा राजाकडे होती, मग हातांनी काम करणाऱ्याकडे काय होते? आग्र्याला ताजमहालच्या आवारातल्या लाल दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत. चांदणी, त्रिकोण, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा. कुणी किती दगड घडवले याचा हिशेब लागावा, म्हणून अशा खुणा करण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. इमारतीवर बादशहाचे नाव राहिले आणि कारागिराची खूण लोकांच्या पायाखाली. पण खूण तिथे आहे, आणि आजही दिसते.

इंग्लंडमध्ये १२६६ साली पाव आणि बीअर यांच्या वजन-मापाबद्दल कायदा झाला. त्या काळातल्या नियमानुसार बेकरीवाल्याने आपल्या पावावर आपली खूण करायची होती. पाव वजनात कमी भरला तर तो कुणाच्या भट्टीतून आला ते शोधता यावे, हा हेतू. इटलीत फाब्रियानो गावच्या कागद करणाऱ्यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस कागदातच खूण उमटवण्याची युक्ती काढली. कागद उजेडासमोर धरला की ती दिसते. आज नोटेवर आपण तीच युक्ती पाहतो.

पावावरची खूण गिऱ्हाईक वाढावे म्हणून नव्हती. चुकला तर सापडावा म्हणून होती. चांगल्या बेकरीवाल्याला मात्र तीच खूण फायद्याची ठरली, कारण पुरे वजन देणारा कोण हे लोकांना त्या खुणेवरून कळू लागले. जबाबदारीतून नाव झाले आणि नावातून बरकत आली. हा क्रम उलटा करता येत नाही.

छाप : न वाचणाऱ्यांची लिपी

एकोणिसाव्या शतकात यंत्राचे कापड आले. मँचेस्टरचे व्यापारी मुंबई आणि कलकत्त्याला कापडाचे तागे पाठवत, तेव्हा त्यांवर रंगीत कागदी चित्र चिकटवत. त्याला टिकट किंवा छाप म्हणत. चित्रात देवदेवता, राजे, हत्ती, वाघ, घोडे, फुले असे काहीही असे. बहुतेक गिऱ्हाइकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पुष्कळांना कोणतीच लिपी येत नव्हती. मग लोक दुकानात जाऊन चित्राच्या नावाने कापड मागू लागले. आपल्याकडच्या विडीच्या बंडलांवर, काडेपेट्यांवर, उदबत्त्यांवर ‘अमुक छाप’ लिहिण्याची पद्धत याच गरजेतून रुजली. शाळेने ज्यांना अक्षर दिले नाही, त्यांना बाजाराने छाप वाचायला शिकवले.

या छापांना मुंबईच्या छापखान्यांनी बळ दिले. दगडावर चित्र काढून रंगाचा एकेक थर छापण्याचे शिळाप्रेसचे तंत्र येथे चांगले रुजले होते. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या घराघरांत पोचलेल्या एका लेबलाची गोष्ट याच शहराशी जोडलेली आहे. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये हमदर्द दवाखाना सुरू केला आणि त्यातून रूह अफजा हे सरबत निघाले. त्याचे अनेक रंगांचे लेबल १९१० मध्ये मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने तयार केले. इतके रंग नीट छापण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती, म्हणून ते मुंबईच्या बोल्टन प्रेसमध्ये छापले गेले. फळाफुलांचे ते लेबल काळानुसार थोडे बदलले, पण रमजानमध्ये दुकानाच्या फळीवर बाटली दुरूनच ओळखू येते. एका युनानी हकिमाला शंभर वर्षांपूर्वी चिन्हाची किंमत कळली होती.

छापा वाढल्या तशा नकलाही वाढल्या आणि कायद्याची गरज पडली. इंग्लंडमध्ये १८७५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ ला पहिले चिन्ह नोंदले गेले. ते बास या बीअर कंपनीचे होते : एक लाल त्रिकोण. शाळेतले मूल तीन रेषांत काढील असा. भारतात मालावर खोटी खूण किंवा खोटे वर्णन टाकणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा १८८९ मध्ये आला, पण चिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा यायला १९४० उजाडले. त्यानंतर १९५८ चा कायदा आणि आज लागू असलेला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला.

अक्षराचे गणित

‘मला चित्रकला येत नाही, मी लोगो कसा करणार?’ असे कुणी विचारले की मला दोन माणसे आठवतात. दोघेही चित्रकार नव्हते.

पहिला इब्न मुक्ला. दहाव्या शतकातल्या बगदादचा वजीर. तोवर अरबी अक्षरे ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे लिहिली जात. इब्न मुक्लाने त्यांना माप दिले. बोरूचे टोक कागदावर टेकवले की चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो. तो नुक्ता हे एकक. अलिफ इतक्या नुक्त्यांचा उंच असावा, अलिफ हा व्यास धरून वर्तुळ काढावे आणि बाकीच्या अक्षरांची वळणे त्या वर्तुळावरून घ्यावीत. सौंदर्य हाताच्या लहरीवर न सोडता त्याने ते मोजमापात बांधले. राजकारणात त्याचे वाईट झाले, त्याचा उजवा हात तोडण्यात आला आणि ९४० मध्ये कैदेत त्याचा मृत्यू झाला. पण हजार वर्षांनंतरही खत्ताचे उस्ताद शागिर्दाला नुक्ते मोजायलाच शिकवतात.

दुसरा फ्रँक रॉबिन्सन. अमेरिकेत अटलांटा शहरात १८८६ मध्ये एक नवे पेय तयार झाले. रॉबिन्सन तिथला हिशेबनीस. पेयाला कोका-कोला हे नाव त्यानेच सुचवले आणि त्या काळी अमेरिकेत हिशेबाच्या वह्यांत आणि पत्रांत जे वळणदार हस्ताक्षर चाले, त्याच हस्ताक्षरात ते लिहिले. जगातल्या सर्वांत ओळखीच्या लोगोंपैकी एक, खतावणी लिहिणाऱ्या माणसाच्या हातचा आहे.

वजीर आणि हिशेबनीस. एकाकडे माप होते, दुसऱ्याकडे रोजच्या सरावाचे अक्षर. हे दोन्ही आपल्याकडेही असू शकते.

संगणक आला तेव्हा

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इव्हान सदरलंड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. पडद्यावर प्रकाशाची लेखणी टेकवून रेषा काढता येत होती. त्याच सुमारास फ्रान्समध्ये रेनो कंपनीत पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो हे मोटारींच्या पत्र्याची वळणे गणितात कशी बसवायची यावर काम करत होते. चार बिंदू दिले की त्यावरून एक गुळगुळीत वळण मिळते, ही त्यांची रीत. आज संगणकावरचे बहुतेक प्रत्येक अक्षर अशाच वळणांनी बांधलेले असते. माप ठरवा आणि वळण त्यातून काढा, या इब्न मुक्लाच्या विचाराचा हा दूरचा भाऊ म्हणावा लागेल.

संगणकावर चित्र ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि हा फरक कळला की निम्मे काम झाले. एका तऱ्हेत चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. १९८५ मध्ये विंडोज निघाले तेव्हापासून त्यासोबत येणारा पेंट हा प्रोग्राम असेच चित्र करतो. ते मोठे केले की कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. दुसऱ्या तऱ्हेत चित्र म्हणजे बिंदू आणि वळणांचे गणित. ते अंगठीएवढे करा किंवा भिंतीएवढे, कड स्वच्छच राहते. १९८७ चा इलस्ट्रेटर आणि १९८९ चा कोरलड्रॉ हे या दुसऱ्या जातीचे. महाराष्ट्रात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या दुकानांत कोरल घराघरातल्या तव्यासारखा रुळला. पण ही सॉफ्टवेअर विकतची. २००३ मध्ये इंकस्केप आले, तेही दुसऱ्या जातीचे आणि पूर्ण मोफत. साध्या, जुन्या संगणकावरही ते चालते.

आपल्या लिप्यांनाही संगणकावर यायला मेहनत पडली. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांच्या खांद्यावरून तिरकी उतरतात आणि शेजारी कोण आहे यावर प्रत्येकाचे रूप ठरते. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांच्या हातांनी लिहिली गेली. मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरांचे हजारो आकार स्वतः लिहून नूरी नस्तालीक तयार केले आणि १९८१ मध्ये लाहोरचे जंग हे दैनिक त्यात निघाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचे इनपेज आले आणि उर्दू लिहिणे सामान्य संगणकावर शक्य झाले. देवनागरीसाठी र. कृ. जोशी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जाहिरात क्षेत्रातला हा सुलेखनकार पुढे आयआयटी मुंबईत शिकवू लागला. विंडोजमध्ये मिळणारा मंगल हा देवनागरी फाँट त्यांच्याच हातचा.

आणखी एक उदाहरण आपल्या खिशात आहे. १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी ते केले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात, वर शिरोरेषा. देशाच्या चलनाचे चिन्ह एका अक्षरातून निघते, तर आपल्या दुकानाचे का निघू नये?

आता आपले चिन्ह

उदाहरण घेऊ. एका बहिणीचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि नाव ‘नूर’ असे ठरले आहे, असे समजा.

संगणक लावण्याआधी कागद आणि पेन्सिल घ्या. डब्याच्या झाकणावरून वर्तुळे काढा आणि प्रत्येकात एकेक कल्पना उतरवा, निदान वीस. मिरची, खलबत्ता, सूर्य, दिवा हे सगळे येईल आणि सगळ्यांना तेच सुचते. ते काढून टाका. मग नावाकडे बघा. उर्दूतला नून कसा असतो? एक खोलगट वाटी आणि वर एक नुक्ता. वाटी म्हणजे स्वयंपाकघरातली वाटी आणि नुक्ता म्हणजे मसाल्याचा दाणा. उर्दू येणाऱ्याला अक्षर दिसेल, न येणाऱ्याला वाटी. खाली देवनागरीत ‘नूर’. चिन्ह दोन्ही लिप्यांतल्या गिऱ्हाइकांशी बोलते आणि ते नेटवरून उचललेले नाही.

आता इंकस्केप उघडा. एक वर्तुळ काढा, त्याच्या आत थोडे लहान दुसरे वर्तुळ. दोन्ही निवडून ‘पाथ’ मेनूतील ‘डिफरन्स’ दिले की आतले वर्तुळ कापले जाऊन कडे उरते. कड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर एक आयत ठेवा आणि पुन्हा तेच करा. वाटी झाली. एक छोटा चौकोन ४५ अंशांत फिरवून वाटीच्या मध्यावर ठेवा. नुक्ता झाला. माप इब्न मुक्लासारखेच ठेवा : वाटीच्या कडेची जाडी आणि नुक्त्याची बाजू सारखी. दोन वर्तुळे, एक आयत, एक चौकोन. चित्रकला लागली नाही.

खालच्या नावासाठी खुला परवाना असलेला फाँट निवडा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फाँट मोफत आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आहे. अक्षरे लिहून झाली की ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर तो फाँट नसला तरी अक्षरे फुटणार नाहीत.

मग परीक्षा घ्या. सगळे काळ्या रंगात ठेवून बघा. रबरी शिक्क्याला आणि पावतीपुस्तकाला एकच रंग मिळतो. चित्र नखाएवढे करून बघा. व्हॉट्सॲपच्या गोलात कोपरे कापले जातात का ते बघा. हे जमले की मगच रंग द्या, दोनच पुरे. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचा असतो आणि छपाईचा चार शाईंचा, त्यामुळे पडद्यावर चमकणारा हिरवा पिशवीवर मळका येऊ शकतो. आधी एक नमुना छापून घ्यावा. मूळ फाइल एसव्हीजीमध्ये जपून ठेवा, छापखान्याला पीडीएफ द्या आणि मोबाईलसाठी पीएनजी काढा. इंकस्केप शिकणे जड वाटले तर पॉवरपॉइंट किंवा लिबर ऑफिसच्या ड्रॉमध्येही असे आकार जोडता-कापता येतात. पेंटमध्ये मात्र कच्चा आराखडाच करावा.

नाव आणि चिन्ह ठरवण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो फुकट आहे. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, मसाले तिसाव्या वर्गात येतात. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते, पण गोलातला ‘आर’ नोंदणीशिवाय लावणे गुन्हा आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. मालाच्या वेष्टनावर अल्लाहचे नाव, कुराणाची आयत किंवा काबाशरीफचे चित्र टाकण्याची हौस अनेकांना असते. वेष्टन शेवटी कचऱ्यात आणि गटारात जाते, याचा विचार करावा. कायदाही धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हांना नोंदणी देत नाही, मग धर्म कोणताही असो. आपला इमान दाखवायचा तर तो वजनात आणि भेसळ न करण्यात दाखवता येतो.

हात आपला, छाप दुसऱ्याची

मालेगाव आणि भिवंडीचे यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. तिथून बरेचसे कापड कोरे निघते. ते दुसरीकडे जाते, तिथे रंगते, छापले जाते आणि कडेवर तिसऱ्याच कुणाचे नाव घेऊन दुकानात येते. विणणाऱ्याला मीटरमागे मजुरी मिळते, नावाची किंमत नाव लावणाऱ्याला. हीच तऱ्हा जरीकामाची, शिवणकामाची आणि घरी लाटलेल्या पापडांचीही आहे. आपल्या समाजात हुनर कमी नाही. पण त्या हुनराखाली आपली खूण करण्याची सवय आपल्याला कमी आहे. मोठी मुद्रा नेहमी दुसऱ्याची आणि आपण ताजच्या दगडावरच्या त्या पाथरवटासारखे, पायाखाली.

एका लोगोने हा सगळा हिशेब पालटेल असे मी म्हणत नाही. बाजारपेठ, भांडवल, दलाल हे प्रश्न चिन्हाने सुटत नाहीत. पण ज्या मालावर आपली खूणच नाही, त्याला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा शोधत कसे येईल? त्याने माल वाखाणला तर श्रेय कुणाला जाईल? पुढच्या पिढीला धंदा देताना आपण काय देणार, केवळ यंत्र? रूह अफजाच्या बाटलीवरच्या कागदाने एका दवाखान्याचे नाव शतकभर टिकवले, हे आपल्यासमोर आहे.

म्हणून दुकान, गृहउद्योग किंवा शिकवणी चालवणाऱ्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. या सुट्टीत दोन संध्याकाळी काढा. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, संगणक त्याला आपल्यापेक्षा लवकर समजतो आणि माल आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त. आपल्या नावाचे पहिले अक्षर घ्या, मराठी किंवा उर्दू, आणि त्यात आपले काम शोधा. जे तयार होईल ते फार देखणे नसले तरी चालेल. बासचा त्रिकोण तरी कुठे देखणा होता? ते आपले असावे, आणि ते ज्या पाकिटावर लागेल त्यातला माल असा असावा की कुणी जाब विचारायला आले, तर दारात उभे राहून बोलता यावे.